मुलीचं नाव आना

साहेब, घोळ तुमच्या ऑफिसानं घातला आणि बोलणी दीपानं खाल्ली. तुमच्या खुर्चीला नाव विचारता येतं, ऐकता येत नाही.

दीपाची पोरगी जन्मली तेव्हा नोंदीत नावाचा रकाना कोराच राहिला. आता तिला पहिलीत घालायचं, शनिवारी प्रवेश बंद. म्हणून दीपा घाटंजीला जन्मदाखल्याच्या खिडकीवर सकाळपासून या पायावरून त्या पायावर. आत नीळकंठबाबू.

"मुलीचं नाव?"

"आना."

"मी कुठून आनू? पोरगी तुमची."

"नाव सांगून राह्यली ना भाऊ. आना."

"काय आनू, ते तर सांगा."

मागून रांगेतली तानाबाई वैतागली. "पानी पायजे असंल तिले. आनून द्या ना लवकर."

शिपायानं खरंच पाणी आणलं. दीपानं ते रागानं पिऊन टाकलं.

बाळंतपणात दोघींना वाचवणाऱ्या केरळच्या नर्सचं हे नाव. मूळ हिब्रू, अर्थ कृपा. "हमारे यहाँ आना मतलब हाथी," असं नर्सच हसून म्हणाली होती. हिंदीत आना म्हणजे येणं. आणि आमच्या वऱ्हाडात 'ण'चा 'न' होतो, 'आणा'चं 'आना', त्यामुळे ऐकणारा काहीतरी आणायला उठतो. घरी पोरीला हाक मारली की सासरे बबनराव निमूट मिठाची बरणी पुढं करत.

शेवटी दीपानं कागदावर लिहून दिलं. कागद तुमच्याकडं आला. तुम्ही शिकलेले. तुम्ही लाल पेनानं 'न' खोडून 'ण' केलात, शुद्ध. इंग्रजी नाव संगणकानं स्वतःच्या अकलेनं काढलं. दाखला आला: आणा रजत गावंडे. खाली इंग्रजीत, ब्रिंग रजत गावंडे.

"भाऊ, हे नाव हाये का हुकूम?"

"दुरुस्ती होते ना ताई. नावाचा पुरावा आना."

भिंतीला टेकून बसलेली सहा वर्षांची पोरगी उठून खिडकीशी आली. "काय म्हनता?"

"तुले कोनं बलावलं?" नीळकंठबाबू म्हणाले.

"तुमीच."

रांग हसली. दीपा हसली नाही. तिनं पोरीला उचलून खिडकीच्या फळीवर बसवलं आणि तुमच्या केबिनच्या दारापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "पुरावा मांगला, हा घ्या. हाक मारली तं ओ देते. आता हिचं नाव लिवता का नाही, तेवढं सांगा साहेब."