धनराजभाऊंचे डोळे

धनराजभाऊंच्या फोटो स्टुडिओत जिवंत माणसाला श्वास घ्यायची परवानगी नसते. स्टुलावर बसलं की ते हनुवटी धरून आपलं तोंड खिळ्यासारखं ठोकून बसवतात आणि हुकूम सोडतात, "आता हालू नोका." मग कॅमेऱ्यामागे जातात आणि चिडून परत येतात. "पापणी हालली. पापणी तुमचीच आहे नं? मंग सांभाळा नं तिले." एका बँक मॅनेजरला त्यांनी शिंक दाबायला लावली होती. त्या फोटोत साहेब फरारी आरोपी दिसतात, आणि तोच फोटो गळ्यात अडकवून रोज बँकेत बसतात.

मी वर्धेत त्यांचा भिंतीला भिंत शेजारी. त्यामुळे दिवसभर 'हालू नोका' ऐकत मीही घरात जपूनच हलतो.

गेल्या वर्षी भाऊ अल्लीपूरला एका लग्नाचे फोटो काढायला गेले. स्टेजवर नातेवाइकांची गर्दी, फ्रेममध्ये कोणी मावेना. भाऊ डोळा कॅमेऱ्याला लावून मागे मागे सरकत गेले. स्टेज संपत आलंय, हे समोरच्या प्रत्येकाला दिसत होतं. पण भाऊंनी नुकतंच दरडावलेलं, त्यामुळे कोणी बोटही हलवलं नाही. भाऊ पाठमोरे खाली गेले आणि डोकं लोखंडी खुर्चीवर आपटलं.

जीव वाचला. जखमही भरली. डोळे मात्र बिघडले. पेपर वाचायला घेतला की ओळ निसटायची. भाऊंनी आधी गिऱ्हाइकांनाच दोष दिला. "सारी वर्धा हालून राह्यली," म्हणून चांगल्या बसलेल्या माणसांना हाकलून दिलं. मग एका दुपारी शटर अर्धं ओढून ते एकटेच आत बसलेले दिसले.

"काय झालं?"

"लोकाइचं तोंड पकडता येत नाई मले," ते म्हणाले. "पाहाले गेलं का सरकते. मंग फोटो कायचा काढू?"

शेवटी कुसुमवहिनींनी त्यांना दवाखान्यात नेलं. सोबत मीही होतो. यंत्रापुढे हनुवटी टेकवून पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघायचं होतं. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, फक्त ठिपक्याकडे बघा. हलू नका."

वहिनींनी पटकन पदर तोंडाला लावला.

"ठिपकाच हालून राह्यला, मॅडम," भाऊंनी थोड्या वेळानं तक्रार केली.

"ठिपका जागेवर आहे. डोळे सरकताहेत." बाईंनी पडद्यावर त्यांच्या नजरेची वेडीवाकडी रेघ दाखवली. "तसे सगळ्यांचेच डोळे हलतात, काका. टक लावून बघतानाही बारीक थरथरत असतात. ती थरथर अगदी थांबली, तर समोरचं चित्र पुसट व्हायला लागेल. तुमच्या मेंदूला मार बसलाय, म्हणून नजर जास्त घसरते आणि झटक्यानं परत येते."

परतताना ऑटोत भाऊंनी स्वतःच्या पापणीवर बोट ठेवून पाहिलं.

"म्हंजे मी इतके वर्षं जे सांगून राह्यलो, ते कोणालेच जमत नोतं?"

"असंच दिसतंय."

"त्या मॅनेजरले उगाच छळलं मंग." ऑटोतून उतरताना म्हणाले, "पण पापणी हालवाचं काई काम नोतं."

घरी करायला व्यायाम दिला होता. पेन्सिल समोर धरून तिच्या टोकावर नजर ठेवायची. भाऊ पेन्सिलीवरही खेकसायचे. पण हळूहळू ओळ जागेवर बसू लागली आणि शटर पूर्ण उघडलं. लग्नाची कामं मात्र त्यांनी सोडली ती सोडलीच.

परवा त्यांचं पातेलं परत करायला गेलो. वहिनी अंगणात मेथी निवडत होत्या. समोर खुर्ची टाकून भाऊ त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक बघत बसलेले.

"व्यायाम करून राह्यलो," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. तेवढ्यात दुकानातून कोणी हाक मारली आणि ते उठून गेले.

"बरं झालं, व्यायाम सोडला नाही त्यांनी," मी म्हटलं.

"डॉक्टरीणबाईनं कवाचाच बंद सांगतला," वहिनी म्हणाल्या. "मी संगंच होती."

"मग तुम्ही काही बोलत नाही?"

त्यांनी मेथीची एक काडी बाजूला टाकली. "लगन झालं तवापासून त्याइनं मले कॅमेऱ्यातूनच पाह्यलं, भाऊजी. आता कुठी समोर बसून पाहून राह्यले. मी काऊन बोलू?"

भाऊ परत आले आणि खुर्ची जरा पुढे ओढून बसले. वहिनींनी दुसरी जुडी सोडली आणि तोंड थोडं उजेडाकडे केलं.