उकंडरावांनी मैदान कसं वाचवलं

राजकारण काय असतं ते मला विचारा! आमच्या गावात कोण कोणाला मत देणार, हे मी त्याच्या राम-राम घालण्यावरून सांगतो. संग्रामपुरात बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. उगवणारं कोण आणि कुजणारं कोण, हे मला पुडी न फोडता कळतं. म्हणून कबड्डीचे कोच भगवानराव सर निवृत्त होऊन सरपंचपदाला उभे राहिले, तेव्हा प्रचाराची सूत्रं मी आपणहून हाती घेतली.

सरांना भाषण येत नव्हतं. त्यांना एकच येई, शिट्टी! गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखाली ढोपरं सोलून मोठ्या झालेल्या. सभेत टाळ्या लांबल्या की शिट्टी, मतदारानं गाऱ्हाणं लांबवलं की शिट्टी. तरी धडाक्यात निवडून आले. (प्रचारप्रमुख कोण होता, तेवढं लक्षात असू द्या.)

पण सदस्यांत गणित बसेना. सरांच्या बाजूनं निवडून आलेले आम्ही तिघंच: मी, जयमाला आणि भागवत. समोर सहा, उकंडराव आणि त्यांचे पाच. आणि उकंडरावांना कबड्डीच्या मैदानावर दुकानांचे गाळे बांधायचे होते! ठराव झाला की सकाळी जेसीबी येणार होता. सर निवडणुकीला उभे राहिले होते तेच मुळी त्या मैदानासाठी.

"उत्तम," सर मला म्हणाले, "माह्या पोरी कुठं खेळतीन बे? छतावर?"

"सर, चिंता सोडा! माझ्याकडे डोकं आहे."

"हाव, ते दिसते. आत काय हाय ते सांग."

मी योजना सांगितली. ग्रामपंचायतीच्या सभेत हात वर करून मत घ्यायचंच नाही. खोलीच्या मधोमध खडूची रेषा मारायची. मैदानवाले खिडकीकडे बसतील, गाळेवाले दाराकडे. खिडकीबाहेर कबड्डीच्या पोरी उभ्या करायच्या. त्यांच्या डोळ्यांदेखत दाराकडे बसायची कोणाची छाती होते, बघू!

सरांनी रेषा अशी सरळ मारली की जमीन आपोआप मैदान वाटायला लागली. पण पोरी आल्याच नाहीत. शाळा सुटायची होती! आणि ते सहाही जण दाराकडे असे ऐसपैस बसले, जसे सासुरवाडीला जेवायला आलेत.

"घ्या मोजून!" उकंडराव म्हणाले.

मोजायचं काम ग्रामसेवकांचं, पण तेवढ्यात चहा आला आणि त्यांना फोन आला. ग्रामसेवक नवीन, मेहकरचे, कोण कोणाच्या बाजूचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते बोलत बोलत बाहेर गेले. आत सगळे उठले, बशा वाजल्या, गलका झाला. उकंडरावांच्या गटातला पुंजाजी तर भागवतच्या कपातला चहा पिऊन मोकळा झाला. सरांना गलका सहन होत नाही. त्यांनी खिशातली शिट्टी काढली आणि फुंकली.

फुर्रर्र!

आता आमच्या गावात चहानंतरच्या शिट्टीचा अर्थ एकच होतो. मध्यंतर संपलं, बाजू बदला! जो रेंगाळेल त्याची मैदानाला फेरी! खोलीतला एकूण एक माणूस सरांचा चेला. कप खाली ठेवून सगळे पळाले. पुंजाजी पोट सावरत पळाला, उकंडरावांनी तर रेषा ओलांडताना वाकून जमिनीला हात लावून कपाळाला लावला!

सगळे बसले. शेजारी तीच माणसं, त्यामुळे कोणालाच काही वेगळं वाटलं नाही.

ग्रामसेवक आत आले, त्यांनी बोटानं मोजलं, लिहिलं आणि वाचलं, "खिडकीकडे सहा, दाराकडे तीन. मैदान कायम!"

"मैदान कायम!" मी आनंदानं ओरडलो. मग पाठीला काही टोचलं. बघतो तर दाराची कडी!

"ओ साहेब, थांबा! हे काय लिहून राह्यले?" उकंडराव उसळले. पण नेमकी तेव्हाच शाळा सुटली होती. खिडकीत पोरींची झुंबड! कॅप्टन अश्विनी गजांतून हात घालून उकंडरावांचा खांदा हलवत ओरडली, "उकंडकाका मैदानाकडून! उकंडकाकाचा विजय असो!"

मागून गीताबाईंचा, म्हणजे उकंडरावांच्या घरधनिणीचा आवाज आला, "आयुष्यात पह्यल्यांदा शहाण्यासारखं वागला हा माणूस! आज पुरणपोळी करतो बाप्पा!"

उकंडरावांनी एकदा ग्रामसेवकांकडे पाहिलं, एकदा गीताबाईंकडे. मग छाती फुगवून म्हणाले, "मी तं पह्यलेपासून मैदानाच्याच बाजूनं होतो!"

बाकीच्या पाचांनी माना डोलावल्या. त्यांना डोलवायची सवयच होती.

त्या संध्याकाळी मैदानावर असा गुलाल उधळला की म्हशीसुद्धा गुलाबी झाल्या. पोरींनी सरांना खांद्यावर घेतलं, मग उकंडरावांना घेतलं. ते जड होते, तरी घेतलं! आता फाटकावर फलक आहे: मैदानाचे रक्षक. पहिलं नाव उकंडरावांचं. सहावं पुंजाजीचं. माझं नाव कुठेच नाही. उलट उकंडराव चारचौघांत खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "उत्तमराव, तुमाले गाळे पाहिजे होते? तुमच्याकून हे नव्हतं वाटलं!"

बायको तर अजून विचारते, "मी म्हणतो, ते सहा जण उठले तं उठले. तुमी काऊन उठले? तुमी तं लय हुशार!"

काय सांगू तिला? उठलो नसतो, तर सरांनी फेरी मारायला लावली असती!