झोप आली म्हणणारा रेडा

बाळांनो, चालता चालता झोपलेला रेडा तुम्ही कधी पाहिला आहे काय?

पाहिला नसेल. ज्यांनी पाहिला, त्यांनीही तो पाहिला नाही असेच सांगितले. म्हणून ही कथा सांगणे भाग पडते. नीट बसा. डुलक्या घेऊ नका. डुलकी कोठे घ्यावी आणि कोठे घेऊ नये, हाच या कथेचा विषय आहे.

एका जंगलात सर्व काही होते, फक्त मीठ नव्हते. मिठागर डोंगरापलीकडे होते, राजधानी अलीकडे होती आणि मधे घाट होता. सिंहमहाराजांना अळणी भोजन चालत नसे. त्यामुळे त्या वाटेवर मिठाच्या गाड्या अखंड चालत. कोणी उंट ओढी, कोणी बैल, कोणी खेचर. दुंडाप्पा नावाचा एक रेडाही ओढी.

दुंडाप्पा मोठ्या हाडाचा आणि थोड्या शब्दांचा होता. तो देवाला भिऊन वागे. मानेवर जू घेण्यापूर्वी तो जुवाला कपाळ टेकवी. त्याला जगात एकच सुख ठाऊक होते. घाटमाथ्यावर, जेथे चढण संपे आणि उतरण सुरू होई, तेथे एक डबके होते. काठावर एक उंबर होता, साऱ्या घाटात तेवढेच एक झाड. त्या उंबराच्या सावलीत, नाकापर्यंत पाण्यात बसून, घटकाभर डोळे मिटावेत, एवढेच ते सुख.

पुढची उतरण वळणावळणाची होती. जो घटकाभर झोपला, तो ती सावकाश उतरे. जो झोपला नाही, तो कधी कधी फारच लवकर उतरे.

परंतु महाराजांची आज्ञा होती. मिठाची गाडी वाटेत थांबता कामा नये.

आज्ञा कठोर असली तरी राज्य दयाळू होते. कोल्हेप्रधानांनी उंबराच्या खोडावर एक फलक लावला होता. 'वाहकांनी फावल्या वेळाचा आनंद कसा घ्यावा' असा त्याचा मथळा होता. वाहकांनी निसर्गशोभा पाहावी. ताजी फळे खावीत. भजने म्हणावीत. कुटुंबाची आठवण काढून मन प्रसन्न ठेवावे. मान व कान सावकाश गोल फिरवावेत. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत लिहिले होते की, हे सर्व गाडी न थांबवता करावे.

वाहक तो फलक आदराने वाचत. वाचण्यासाठीही थांबता येत नसल्यामुळे प्रत्येक जण खेपेला एक ओळ वाची. दुंडाप्पा कानांपर्यंत आला होता.

मग हे लोक झोपत तरी कधी? तेही सांगतो.

बिघडलेल्या गाडीला मात्र थांबण्याची मुभा होती. गाडी बिघडली की वाहकाने एक हिरवी फांदी तोडावी आणि गाडीच्या मागे खोचावी, म्हणजे मागून येणारा सावध होतो, अशी त्या वाटेची जुनी रीत होती. फांदी दिसली की कोणी काही विचारीत नसे. या रीतीचा खरा उपयोग धनसुख नावाच्या उंटाने शोधून काढला.

एके दिवशी घाटमाथ्यावर तो दुंडाप्पाला म्हणाला, "काय रे, तोंड का पाडले आहेस? म्हैस माहेरी गेली की काय?"

"डोळे मिटताहेत, धनसुखभाई. पण थांबायचे कसे?"

"तू नको थांबूस. गाडीला थांबू दे. तिचा आस मोडला असे समज."

"आस धड आहे की."

"अरे भल्या रेड्या, धड गाडीला मोडकी म्हणायला काय सुतार बोलवावा लागतो?"

असे म्हणून उंटाने उंबरापुढे मान वाकवली. "क्षमा कर रे देवा," असे तो म्हणाला आणि त्याने कडकन एक फांदी मोडली. मग दुसरी मोडली. "ही तुझी."

दुंडाप्पाला ते रुचले नाही. उंबर हे देवाचे झाड. त्याने नकार देण्यासाठी तोंड उघडले. पण तेवढ्यात झोपेने त्याची मान खाली गेली. उंटाने तो होकार मानला.

तेव्हापासून दुंडाप्पाचीही गाडी बिघडू लागली.

डबक्यात एक बगळा राहत असे. महाराजांनी त्याला वाटेचा निरीक्षक नेमले होते. कोणी उभे तर राहत नाही ना, हे तो दिवसभर एका पायावर उभा राहून पाही. सगळे त्याला मुनिवर म्हणत. रेडा पाण्यात बसला की गाळ ढवळे, मासे वर येत आणि मुनिवरांचे ध्यान सफल होई. त्यामुळे गाड्या बिघडण्याला त्यांची हरकत नव्हती.

"फांदी आहे?" ते विचारीत.

"आहे, मुनिवर."

"मग बिघाड आहे. नारायण, नारायण."

इकडे दरबारात चिंता पसरली. इतक्या गाड्या बिघडतात, म्हणजे गाड्याच कच्च्या. प्रधानांनी सर्व चाके दुप्पट जाड करून घेतली. गाड्या जड झाल्या. जड गाड्यांनी वाहक अधिक थकले. अधिक थकले म्हणून अधिक फांद्या तुटल्या. पाहता पाहता उंबर बोडका झाला. ज्या सावलीत बसण्यासाठी फांदी लागे, ती सावलीच गाड्यांच्या मागे खोचून घाट उतरून गेली.

शेवटी एकच फांदी उरली. तिची सावली पाण्यावर पडे ती जेमतेम एका रेड्याच्या डोक्याएवढी.

एके दिवशी भर दुपारी दुंडाप्पा घाटमाथ्यावर आला. आदल्या दोन खेपांत डबक्याकाठी गर्दी होती, म्हणून त्याला बसायला मिळाले नव्हते. त्याचे पाय आपल्याच वजनाला कंटाळले होते. त्याने फांदीकडे पाहिले. फांदीला दोन कच्ची उंबरे लागली होती. त्याने तोंड वर केले. थोडा वेळ तसेच धरले. मग खाली घेतले.

बाळांनो, येथे त्याची बुद्धी फिरली. तो फांदीवाचून पाण्यात शिरला.

बगळा म्हणाला, "दुंडाप्पा, फांदी?"

"नाही लावली, मुनिवर."

"विसरलास?"

"नाही. एकच उरली आहे. तोडवेना."

बगळ्याने दुसरा पाय खाली ठेवला. असे तो क्वचितच करी. "मग गाडी का उभी आहे?"

"झोप आली."

"काय आले?"

"झोप."

बगळ्याने आजूबाजूला पाहिले आणि आवाज उतरवला. "हे बघ, मी घटकाभर सूर्याकडे पाहतो. तू फांदी मोड. मी खाली पाहीन तेव्हा गाडी बिघडलेली असेल. तुझेही भले, माझेही भले."

"गाडी धड आहे, मुनिवर. बिघडलो असेन तर मी."

एवढे ऐकल्यावर मुनिवरांना कर्तव्य टाळता येईना. गाळातून वर आलेला मासा त्यांनी आधी गिळला आणि मग ते थेट दरबारात उडाले.

दरबार दूर नव्हता. उन्हाळा असल्यामुळे महाराज विश्रांतीसाठी घाटमाथ्यावरच्याच एका गुहेत राहत होते. दुंडाप्पाला गाडीसह गुहेपुढे उभे करण्यात आले. महाराज वामकुक्षी घेत होते. ते उठेपर्यंत खटला थांबला. रेडा उन्हात उभा राहिला.

ऊन कलल्यावर महाराज बाहेर आले. जांभई देत ते म्हणाले, "काय रे, थकलास म्हणे?"

"होय, महाराज."

थकल्याचे दरबारात पूर्वी कोणी कबूल केले नव्हते.

कोल्हेप्रधान पुढे झाले. "महाराज, आपल्या राज्यात आजवर असंख्य गाड्या थकल्या. वाहक एकही थकला नाही. हा जगभर आपली नाचक्की करील. साक्षीदार बोलवावा."

धनसुख उंटाला पुढे आणले.

"तू कधी झोपण्यासाठी थांबलास?" महाराजांनी विचारले.

"राम राम! मी कशाला थांबेन, महाराज? माझी गाडी बिघडते."

"कधी बिघडते?"

"रोज, महाराज."

"कोठे?"

"सावलीत."

महाराजांचे समाधान झाले. दुंडाप्पाने उंटाकडे पाहिले. उंट आपल्या पायांकडे पाहत होता. दुंडाप्पाच्या ओठांवर खूप काही आले होते. पण आपण बोललो तर आपल्याला झोप मिळणार नाही ती नाहीच, आणि याचीही जाईल, हा विचार त्याच्या मनात आला.

महाराज म्हणाले, "थकवा ही अफवा आहे. ती तूच खोटी ठरव. असाच्या असा घाट उतरून दाखव."

"महाराज, घटकाभर डोळे मिटू द्या. मग हव्या तर दोन गाड्या ओढतो. पण ती उतरण उघड्या डोळ्यांची आहे."

"तुझे डोळे उघडेच तर दिसताहेत," महाराज म्हणाले, आणि सभा हसली.

दुंडाप्पाने जुवाला कपाळ टेकवले आणि तो निघाला. मागून जाड चाकांची गाडी त्याला ढकलू लागली. जागे राहण्यासाठी त्याने सर्व उपाय केले. फलकावरचा एकेक उपदेश आठवून पाहिला. त्याने निसर्गशोभा पाहिली. ती दोन-दोन दिसू लागली. त्याने भजन म्हणायला घेतले. दुसरे चरण सापडेना. त्याने कुटुंबाची आठवण काढली आणि त्याला गोठ्यातले मऊ गवत आठवले. मग त्याने मान फिरवली. मग कान फिरवले.

कान फिरवताना त्याला झोप लागली.

पाय चालत राहिले. पुढे वळण आले. वाट वळली, रेडा वळला नाही.

दरीच्या तोंडाशी जू मोडले, म्हणून तो कड्यावर राहिला आणि गाडी खाली गेली. दरी मिठाने पांढरी झाली. दुंडाप्पाचा पुढचा एक पाय कायमचा गेला.

चौकशी त्याच दिवशी पुरी झाली. मुनिवर चोचीत उंबराची ती शेवटची फांदी घेऊन आले. बिघाड म्हटला की फांदी हवी. पण खोचण्यास गाडी उरली नव्हती. म्हणून त्यांनी ती रेड्याच्या शिंगांत खोचली. मग प्रधानांनी निकाल वाचला. गाडी बिघडल्याने दरीत गेली. त्यात कोणाचा दोष नाही. मात्र हा रेडा परवानगीवाचून उभा राहिला होता. त्याला उभे राहण्याची हौस आहे. त्याने याच वळणावर, शिंगांत फांदी घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्यांना सावध करीत जन्मभर उभे राहावे. सावध करणाऱ्याने झोपू नये, हे सांगणे नको.

दुसऱ्या दिवशी धनसुखाची गाडी त्या वळणावर आली. रेड्याला तीन पायांवर उभा पाहून उंटाची चाल मंदावली. त्याने गाडी थांबवली.

"गड्या, मी काल तसे बोलायला नको होते."

"राहू दे. तू घटकाभर माझ्या जागी उभा राहतोस का, धनसुखभाई? तेवढेच डोळे मिटीन."

इतक्यात मागून पाहणीसाठी निघालेले कोल्हेप्रधान आले.

"कोण तो? थांबलास का?"

उंटाने आपल्या गाडीकडे पाहिले. फांदी नव्हती. साऱ्या घाटात फांदी उरली नव्हती. त्याने रेड्याकडे पाहिले. मग त्याने वाटेवरची तांबडी माती उचलून रेड्याच्या कपाळाला फासली आणि गुडघे टेकले.

"दर्शनाला, प्रधानजी. एवढी गाडी दरीत गेली आणि हा वर राहिला. हा साधा रेडा नव्हे. हा घाटाचा राखणदार."

प्रधान विचारात पडले. महाराज धर्मनिष्ठ होते. झोपेसाठी थांबण्यास त्यांची बंदी होती. देवासाठी थांबण्यास नव्हती. दर्शन अडवले असे झाले असते तर प्रधानपद गेले असते. त्यांनीही हात जोडले.

त्या दिवसापासून प्रत्येक गाडी त्या वळणावर थांबू लागली. वाहक नारळ फोडत, खोबरे खात आणि देवाच्या पायांशी निवांत आडवे होत. भक्तांना ऊन लागू नये म्हणून प्रधानांनी छप्पर घातले. उंबरावरचा फलक तेथे आणून लावला. मुनिवर पुजारी झाले. या देवाला नैवेद्य माशाचाच लागतो, असे त्यांना ध्यानात समजले. एका बैलाने नवस फेडताना रेड्याच्या डोक्यावर मोठी घंटा टांगली. येणारा ती वाजवी. जाणाराही वाजवी.

दुंडाप्पाला याची फार लाज वाटे. ज्याच्यापुढे जन्मभर कपाळ टेकवले, त्याच्या जागी आपल्याला उभे केले आहे, हे त्याला तुटक्या पायापेक्षा अधिक दुखे. पण जमिनीला कपाळ टेकवू गेले की शिंगांतली फांदी पडे, आणि मुनिवर ओरडत.

एकदा तो हळूच म्हणाला, "धनसुखभाई, घंटा जरा बेताने वाजव. आत्ताच डोळा लागत होता."

छपराखाली पाय पसरीत उंट म्हणाला, "असे करू नकोस, गड्या. तूच डोळे मिटलेस, तर आम्ही कोणाच्या भरवशावर झोपायचे?"

आणि तो घोरू लागला. मागून एक खेचर आले. त्याने भक्तिभावाने घंटा वाजवली. दुंडाप्पाने डोळे उघडले. थकल्याचे कबूल केल्याबद्दल त्याला झालेली शिक्षा तो आजही, तीन पायांवर आणि उघड्या डोळ्यांनी, भोगत आहे.

तात्पर्य: झोप आल्यास फांदी मोडावी. फांद्या संपल्यास नारळ फोडावा. 'झोप आली' असे मात्र कधीही म्हणू नये. तसे म्हणणाऱ्याचा देव करतात.