बिनधुराचं हळदीकुंकू

शनिवार, दहा जानेवारी. सकाळी पंधरा अंश, साडेआठपर्यंत धुकं, वारा नाही.

वहीत एवढं लिहून श्रीरंगरावांनी पाय पांघरुणात ओढून घेतले, तोच स्वयंपाकघरातून अंजलीचा आवाज आला.

"अहो, ही फरशी आहे की बर्फाची लादी? पुढच्या रविवारी एकवीस बायका येणार आहेत हळदीकुंकवाला. गारठून जातील बिचाऱ्या!"

"काहीतरी आणतो," श्रीरंगराव म्हणाले.

दुसरा कोणी असता तर कोपऱ्यावरच्या दुकानातून हीटर घेऊन अर्ध्या तासात परत आला असता. पण श्रीरंगराव बंगळूरला कोरमंगलातल्या एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत. (त्या कोणी वाचत नाही, हे त्यांना सोडून सगळ्या कंपनीला माहीत होतं.) एकच बटण असलेलं यंत्र त्यांना स्वतःचा अपमान वाटे. ते तडक शिवाजीनगरच्या भंगारबाजारात गेले आणि दुपारी चार हमालांसकट परतले. हमालांच्या मध्ये बिडाचा एक काळाकभिन्न लाकडी स्टोव्ह होता. लाकडी म्हणजे लाकडांवर चालणारा. कॅन्टोन्मेंटातल्या कुठल्याशा जुन्या बंगल्यातून निघालेला. चार वाकडे पाय, पुढे काचेचं दार आणि मागे नऊ फुटी पाइप.

अंजलीने कमरेवर हात ठेवले. तिच्या डोळ्यांसमोरून त्यांनी याआधी आणलेली, फक्त साबुदाणाच दळणारी घरगुती गिरणी आणि छताकडे वारा फेकणारा पंखा सरकून गेला.

"एक अट," ती म्हणाली. "रविवारी खोलीत धुराची एक रेघ जरी दिसली, तर सोमवारी हे धूड घराबाहेर. आणि यापुढे या घरात यंत्र आणायचं ते मी. तुम्ही फक्त भाजी आणायची."

चोवीस वर्षांच्या संसारात श्रीरंगरावांवर इतका बाका प्रसंग आला नव्हता.

त्यांनी स्टोव्हवरची बेचाळीस पानी पुस्तिका इंटरनेटवरून काढली आणि एकूण एक पान वाचलं. स्टोव्ह भिंतीपासून तीन फूट पुढे घेतला. खाली जाड फरशी घातली. पडदे काढून ठेवले. खिडकीची एक काच काढून तिथे पत्रा बसवला आणि त्यातून पाइप गच्चीच्याही वर नेला. राखेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा आणला. मग चामराजपेटेतल्या वखारीतून अठ्ठावीस लाकडं आणली. वर्षभर वाळलेली, वखारवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलेली.

रिक्षा दारात थांबली तशी अंजली खाली आली. "कुठली वखार ही?"

"स्मशानभूमीच्या भिंतीला लागून आहे ना, ती. फार सज्जन माणूस."

अंजली दोन पावलं मागे सरली. "वर आणू नका! आधी नळाखाली धुवा."

"अगं, पण जळायचंच आहे त्यांना."

"म्हणूनच! कुणाच्या वाट्याची असतील काय माहीत. हळदीकुंकू आहे माझं!"

श्रीरंगरावांनी काम हाती घेतलं की ते नीट होई. अठ्ठावीसही लाकडं त्यांनी ब्रशने घासून, उलटून पालटून, तीन तीन पाण्यांनी धुतली. वर देवघरातलं गंगाजल शिंपडलं. मग ती एकावर एक रचून प्लॅस्टिकच्या कापडात घट्ट गुंडाळली, धूळ बसू नये म्हणून. वहीत 'स्वच्छता' या सदराखाली तशी नोंदही केली.

बुधवारी, संक्रांतीच्या दिवशी सकाळी, रंगीत तालीम ठेवली.

पाचव्या मिनिटाला श्रीरंगरावांना अंजली दिसेनाशी झाली. सातव्या मिनिटाला स्टोव्ह दिसेनासा झाला.

"अहो! आहात ना?"

"आहे! घाबरू नकोस! पान एकतीस, 'धूर होत असल्यास'!" धुरातून खोकला आला, मग आवाज. "पाइपातली झडप बंद आहे का? आहे! उघडली! खिडकी उघडी आहे का? आता आहे! पाइपात पक्ष्याचं घरटं? सकाळीच पाहिलंय, नाही! लाकूड ओलं आहे का? नाही! वर्षभर वाळलेलं आहे!"

"थोडं तूप घालू का? होमात कसं भपकन पेटतं!"

"ए, ए! तूप नको, तेल नको, काय नको!" जिन्यावरून दणदणीत आवाज आला. घरमालक मल्लाप्पा. मूळचे बेळगावचे. तरुणपणी कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. "काय करालाय सर? खाली आमची म्हातारी गॅस बंद करून रस्त्यावर उभारल्या की!"

"अण्णा, सगळं पुस्तकात आहे तसंच केलंय हो."

मल्लाप्पांनी कोपऱ्यातली दोन लाकडं उचलली आणि एकमेकांवर आपटली. थप्प. पुन्हा आपटली. थप्प.

"वाळलेलं लाकूड खणखण वाजतंय सर. हे न्हालंय की ओ!" त्यांनी लाकूड नाकाशी नेलं. "लाकडाला आंघोळ कुणी घातली?"

श्रीरंगरावांनी अंजलीकडे पाहिलं. अंजलीने छताकडे पाहिलं.

"ती नोंद स्वच्छतेत होती," श्रीरंगराव पुटपुटले. "मी इंधनात शोधत होतो."

पुढचे तीन दिवस उरलेली लाकडं गच्चीवर ऊन खात होती. मल्लाप्पांनी ती बारीक फोडून दिली, ढलप्या कशा रचायच्या ते दाखवलं. रोज संध्याकाळी श्रीरंगराव दोन लाकडं घेऊन कानाशी वाजवून बघत. शनिवारी खणखण आवाज आला. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. (या वेळी धुराशिवाय.)

रविवारी चारला मल्लाप्पांनी शेवटच्या सूचना दिल्या. "झडप पूर्ण उघडी. आग जोरात पायजे, मग धूर होत नाही. आणि ध्यानात ठेवा, पेटलेली भट्टी सोडून फायरमन उठत नसतंय."

श्रीरंगरावांनी स्टोव्ह पेटवला. काचेमागे ज्वाळा अशी सरळ उभी राहिली की छायाचित्र काढावं. धुराचं नाव नाही. धीर येऊन त्यांनी आणखी चार लाकडं सरकवली. मग, कमी पडायला नको, म्हणून आणखी सहा.

पाचला एकवीस बायका आल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू, म्हणून एकजात काळ्या साड्या, त्यातल्या निम्म्या रेशमी.

"अय्या, किती छान! शेकोटीच की घरात!" महिला मंडळाच्या अध्यक्ष प्रमोदिनीताई म्हणाल्या.

दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "जरा उबदारच आहे, नाही?"

वीस मिनिटांनी त्यांच्या कपाळावरचं कुंकू नाकाच्या शेंड्यावर आलं. तिळगुळाचे एकवीस लाडू ताटात मिळून एकच झाले होते.

"अंजली," पदराने वारा घेत त्या म्हणाल्या, "बंगळूरची हवा छान म्हणून बदली मागून आलो गं आम्ही. ती हवा कुठे मिळेल?"

"गच्चीवर," अंजली म्हणाली, आणि वाणाची टोपली उचलून पहिल्यांदा तीच बाहेर पडली.

श्रीरंगराव दारापर्यंत आले आणि थबकले. आत दहा लाकडं धडधडत होती. पाणी ओतलं तर बीड तडकेल, पान अठरा. झडप बंद केली तर विषारी वायू खोलीत, पान एकोणीस. वरून उखाण्यांचा, हसण्याचा आवाज येत होता.

"अंजली! धूर नाही ना?" त्यांनी जिन्यातून ओरडून विचारलं.

"नाही हो! अजिबात नाही! बसा तुम्ही!"

ते जाऊन बसले.

आग सव्वासातला विझली. खोलीचं सर्वांत जास्त तापमान एकोणचाळीस अंश. धूर झाला नाही. स्टोव्ह घरात राहिला. सोमवारी सकाळी, बाहेर सोळा अंश थंडी असताना, श्रीरंगरावांच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत घामोळं उठलं.