रविवारच्या अर्ध्या गोळीची मोहीम

ज्यांस कान आहेत त्यांनी ते इकडे द्यावे, आणि ज्यांस गळा आहे त्यांनी तो अंमळ चाचपून पाहावा. मागे राज्यांकरिता रणे जाहली, किल्ल्यांस वेढे पडले, त्यांचे वर्णन लिहिणारे बहुत. परंतु डाळीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोळीच्या अर्ध्या तुकड्याकरिता जे तुंबळ माजले, ते लिहावयास कोणी दौत उघडली नाही, सबब हा खटाटोप. यात मीठमिरची पडली असेल तर ती चवीपुरती.

तर एक मोठे बसस्थानक, आणि त्याच्या माथ्यावर काचेची खोली, आणि त्या खोलीत मायक्रोफोनच्या गादीवर फलाटाधीश्वरी, गर्दीनियंत्रक, अखंड-लक्ष-द्यावे-मंडित घोषणाबाईसाहेब यांचा अंमल. त्यांचा आवाज म्हणजे पाटाचे पाणी. वळणावळणाने जाई आणि शेवटच्या वाफ्यासही पुरे. गाडी उशिरा येणार हे वर्तमानही बाई ऐसे सांगत की बाकावरच्या माणसास वाटे, येईना का, आपल्याला तरी कुठे घाई आहे. रडती पोरे त्या आवाजाने उगी राहत, आणि भांडणारे कंडक्टर ओशाळून तिकिटे फाडू लागत.

ऐसे सुरळीत चालले असता गळ्याच्या बुरुजावर थायरॉईड नामे जी फुलपाखराच्या घाटाची ग्रंथी, ती कामचुकार जाहली. बाईंस सुस्ती आली, बोटे गार पडली, केस कंगव्यास शरण गेले, आणि मग आवाजास गंज चढला. तपासणी जाहली, रोजची गोळी सुरू जाहली, आणि गुण म्हणाल तर नावाला. आवाज उतरत उतरत इतका जाड जाहला की प्रवासी म्हणू लागले, "आज बाई रजेवर दिसतात, कोणी बाप्या बोलतोय." एक आजोबा तर खिडकीशी येऊन "साहेब, आमची गाडी लागली का हो?" विचारून गेले. बाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर आजोबांची खात्रीच पटली असती.

ही बातमी हुजुरास पोहोचली, आणि आगारप्रमुखांनी फर्मान काढले की, यंत्र मागवले आहे, त्यात आवाज आयताच भरला आहे, तो बसत नाही आणि रजा मागत नाही. सहामाही सरेतो बाईंचा गळा सुधारला तर उत्तम, नपेक्षा बाईंनी तळमजल्यावर सामानघरात बसून लोकांच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळाव्या. बाईंनी हुकूम मस्तकी धरला, परंतु घरी येऊन उशीत तोंड खुपसले. छत्र्यांशी काय बोलावे?

मग बाईंनी पदर खोचला आणि दवाखान्यावर चाल केली. तेथील किल्लेदार डॉक्टरसाहेब माणूस सज्जन, परंतु डोस वाढवा म्हटले की ऐसे दचकत, जैसे कोणी त्यांचीच किडनी मागितली. त्यांचे सर्व शास्त्र कागदावर. कागदापलीकडच्या खुर्चीत माणूस बसते याचे त्यांस विस्मरण पडे. बाईंच्या घरी त्यांस नॉर्मलपंत म्हणत.

"रिपोर्ट नॉर्मल आहे, बाई."

"रिपोर्ट असेल. मी नाहीये."

"वयानं होतं थोडंफार."

"डॉक्टर, नॉर्मल म्हणजे कुठून कुठपर्यंत?"

डॉक्टरसाहेबांनी पेनाने दोन टोके दाखवली.

"आणि मी कुठे आहे?"

"तुम्ही... या टोकाला. पण आत आहात."

"आत कसली! कठड्याला एका हातानं लोंबकळतेय मी."

डॉक्टरसाहेब चष्मा पुसू लागले आणि बोलते जाहले की, ही गोळी जास्त झाली तर काळीज पळत सुटते, मागे एका रुग्णाचे ऐसेच झाले, त्याचे भाऊबंद दवाखान्यात येऊन उभे राहिले. तेव्हा बघू पुढच्या खेपेस. 'बघू' हा त्या किल्ल्याचा दरवाजा. त्यावर आदळून बाई परतल्या.

घरी नणंदबाई येऊन बसल्या होत्या. या नणंदबाई म्हणजे सल्ल्यांचा खजिना. कुलूप नाही आणि किल्ली नाही. म्हणाल्या, "वहिनी, डॉक्टरला काय विचारायचंय त्यात? माझी धाकटी जाऊ दोन घेते. आता जिना दोन-दोन पायऱ्या चढते."

"आणि वन्सं, काही झालं तर?"

"काय व्हायचंय? झालाच तर आवाज होईल."

बाईंची मती फिरली. सकाळची गोळी नित्याप्रमाणे पोटात जाई, ती तर गेलीच. आणि काचेच्या खोलीत, डबा उघडण्याआधी, दुसरी गोळी पाण्याच्या घोटाबरोबर यजमानांस चोरून घेऊ लागल्या. काही दिवस बरे गेले, आणि मग आवाज जो खडबडून उठला तो सुसाट सुटला. एका श्वासात बाईंनी तीन गाड्या सोडल्या, चौथी माघारी बोलावली, आणि पाचवीचा फलाट बदलून पुन्हा बदलला. खाली हाहाकार उडाला. ट्रंका डोईवर घेऊन लोक या फलाटावरून त्या फलाटावर धावले, आणि शाळेस निघालेले एक मास्तर भलत्याच गावी उतरून तेथून फोनवर म्हणाले, "बाई, गाव छान आहे, पण आमची शाळा इथे नाही." इकडे बाईंच्या हातात कप बशीवर वाजे, झोप उडाली, आणि छातीत घोडदळ उधळले.

यजमान पेशाने घड्याळे दुरुस्त करीत. त्यांनी बाईंचे मनगट धरले आणि आपला कान त्यास लावला.

"अगं, हे तर पुढे पळतंय. काय केलंस?"

बाईंनी दोन गोळ्यांचा गुन्हा कबूल केला. यजमान रागावले नाहीत. चपला घातल्या आणि बाईंस घेऊन थेट दवाखाना गाठला.

रक्त घेतले गेले, निकाल आला, आणि डॉक्टरसाहेब उसळले. "म्हणूनच मी वाढवत नव्हतो! गोळ्या आहेत की चणेफुटाणे?" त्यांनी दुसरी गोळी जागच्या जागी बंद केली, नाडी मोजली, छाती ऐकली. परंतु कागद पाहता पाहता त्यांच्या कपाळास आठी पडली, आणि त्यांनी तो बाजूस ठेवला. दवाखान्याच्या इतिहासात हे प्रथमच घडले.

"एका गोळीनं एवढी उडी? पटत नाही. ही वरची कशाबरोबर घेत होता?"

"पाण्याबरोबर."

"आणि सकाळची?"

बाईंनी यजमानांकडे पाहिले. "सकाळची हे देतात. मी झोपेतच असते."

यजमान खुर्चीत सरळ जाहले. कोणी प्रथमच त्यांच्या कामगिरीची विचारपूस केली होती. "सायीबरोबर देतो, डॉक्टरसाहेब! चांगली जाड साय, वर साखर, गोळी मधोमध गुंडाळलेली. हिला कळतसुद्धा नाही. आणि लगेच वर गरम चहा. पहिल्या दिवसापासून एकदाही चुकवलेलं नाही."

दवाखान्यात ऐसी शांतता पसरली की भिंतीवरचे घड्याळ ऐकू येऊ लागले, आणि ते मागे पडले आहे हेही यजमानांच्या ध्यानी आले.

"अहो," डॉक्टरसाहेब हळू बोलले, "सायीत गुंडाळलेली गोळी घशाखाली जाते, पण रक्तात पुरती उतरत नाही. वर चहा म्हणजे तर झालंच. निम्मी फुकट जात असणार."

"मग तुम्ही कधी विचारलं नाहीत ते!" बाई म्हणाल्या.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत!"

"मी झोपेत होते!"

यजमानांचा चेहरा मात्र पिठासारखा जाहला. "म्हणजे तुझा आवाज... मीच चमच्यानं..."

शत्रू घरात सापडला होता, आणि तो साय घेऊन उभा होता. बाईंनी टेबलाखालून त्याचा हात धरला. "गप बसा हो. सुरुवातीला गोळी बघून मला उलटी यायची, म्हणून केलंत ना? मग झालं तर."

तेव्हा उभयपक्षी तह जाहला तो ऐसा की, गोळी पहाटे उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यापुढे तासभर चहा, दूध, साय यांनी तोंडाच्या वेशीत पाऊल टाकू नये. दीड महिन्याने पुन्हा रक्त पाहावे. आणि डोसाचा निवाडा तेव्हा करावा. यावर बाईंनी आपल्याकडून एक कलम घातले की, डॉक्टरांनी कागद उघडण्याआधी 'कशा आहात' ऐसे विचारावे. डॉक्टरसाहेबांस हे कलम जड गेले, परंतु गेले.

मुदत भरली. छातीतले घोडदळ केव्हाच तबेल्यात गेले होते, आणि आवाज माघारी फिरला होता, परंतु वेशीपर्यंतच. सकाळी स्वच्छ निघे, दिवस कलता गंजून जाई. सहामाही सरत आली होती, आणि यंत्राचे खोके काचेच्या खोलीत येऊन पडले होते. डॉक्टरसाहेबांनी लिफाफ्यास हात घातला, बाईंनी बोट वर केले, आणि डॉक्टरसाहेबांनी लिफाफा पालथा घातला.

"बोला. कशा आहात?"

"ऐकाच." बाईंनी पाठ ताठ केली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. डॉक्टरसाहेबांच्या फलाटावर बराच काळ उभी असलेली गाडी आज सुटेल का, हे..."

आवाज तिथेच फाटला. बाहेर बसलेले रुग्ण आपापल्या पिशव्या उचलून उभे राहिले होते, ते पुन्हा बसले.

डॉक्टरसाहेबांनी चष्मा सावरला. मग लिफाफा उघडून त्यांनी वाचला. "नॉर्मल आहे," ते म्हणाले, आणि पुढे 'बघू' न म्हणता पेन उचलले. "पण तुम्हाला थोडं कमी पडतंय खरं."

"एक पूर्ण वाढवा."

"आठवड्यातून एकदा पाव."

"पाव! भाजीवाला कोथिंबीरसुद्धा जास्त देतो."

"बाई, मागचं विसरलात?"

बाई विसरल्या नव्हत्या. स्वर उतरवून म्हणाल्या, "अर्धी द्या. तुम्ही म्हणाल तशीच घेईन. तुमच्याशी लपवाछपवी बास."

"रविवारी दीड. फक्त रविवारी. आणि धडधड झाली तर त्याच दिवशी इथे."

ऐसी रविवारची अर्धी गोळी हस्तगत जाहली. नणंदबाईंनी अभिनंदन करून तत्काळ नवा सल्ला दिला, तो बाईंनी मानपूर्वक दुसऱ्या कानाने रवाना केला. अंमळ काळ गेला, आणि एके दिवशी दिवेलागणीस आगारप्रमुख यंत्र जोडून घेण्यास जिना चढू लागले, तो वरून आवाज आला: गाडी उशिरा येणार आहे, प्रवाशांनी बसून घ्यावे. आगारप्रमुख जिन्यातच बसले. पुढे त्या यंत्राचे खोके बाईंचा डबा ठेवण्याच्या कामी रुजू जाहले.

यजमान आता पहाटे पाण्याचा पेला तेवढा पुढे करतात, आणि बाईंची सकाळपाळी असली की थर्मास घेऊन मागोमाग स्थानकावर येऊन बाकावर बसतात, हातात घड्याळ धरून. साय स्वतः खातात. पोट सुटले आहे. तास भरला की काचेमागून, साऱ्या स्थानकाच्या डोक्यावरून, पाटाचे पाणी वाहते:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर थर्मास घेऊन बसलेल्या गृहस्थांनी आता वर यावे. चहाची वेळ झाली आहे."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. अर्धी गोळी डबीत कायम, गळा सरकारजमा, आणि गृहस्थ जिन्यात.