शुभहस्ते खोचलेली तार

बाळांनो, चुळबुळ बंद करा आणि कान इकडे द्या. एका जंगलात एक ओढा होता. दर पावसाळ्यात तो न विचारता बिळांत शिरायचा. म्हणून वाघमहाराजांच्या सरकारने काठावर एक भोंगा बसवला. पाणी वाढलं की भोंगा वाजणार, असं ठरलं.

भोंग्याच्या पेटीत मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड होता. तो भोंग्याचा मेंदू, पण अजून कोरा. कधी वाजायचं ते त्याला संगणकावरून शिकवायचं होतं, प्रोग्रॅमर नावाच्या एका डबीमार्फत. डबी आणि बोर्ड यांना जोडणारी एक चपटी तार होती. तिची एक कड लाल होती.

हे काम होतं सायाळबाईंकडे. नोकरी सरकारी, पण बीळ ओढ्याला अगदी खेटून. बिळात तीन पिल्लं. त्यामुळे भोंग्याची घाई सगळ्या जंगलात त्यांनाच जास्त होती.

तार महाराजांच्या शुभहस्ते जोडायची होती. सचिव तरस म्हणाले, लाल रंग शुभ असतो, फोटोत तो वरच दिसला पाहिजे. महाराजांनी लाल कड वर धरून तार खोचली. टाळ्या झाल्या. सायाळबाईंनी कळ दाबली, तर पडद्यावर उमटलं, 'बोर्ड सापडत नाही.'

बोर्ड सगळ्यांच्या समोरच होता. तरी खबरदारी म्हणून तीन रानडुकरं तो शोधायला रानात धाडली.

मग तज्ज्ञ आले. माकडाने संगणकातला ड्रायव्हर, म्हणजे डबीशी बोलणारा प्रोग्रॅम, काढून परत टाकला, तोही पाच वेळा. अस्वलाने संगणक बदलला. शेजारच्या जंगलातून सल्लागार बगळा आला. एका पायावर बराच वेळ उभा राहून तो म्हणाला, बोर्डाची मानसिकता बदलायला हवी. पडद्यावर मात्र तेच.

सायाळबाईंना दुखणं पहिल्याच दिवशी कळलं होतं. बोर्डावरची एक नंबरची पिन खाली होती. लाल कड तिच्याच बाजूला यायला हवी. त्या तरसाकडे गेल्या.

"साहेब, तार उलटी खोचली गेलीय. काढून फिरवली की झालं."

"खोचली कोणी?"

सायाळबाईंनी भिंतीवरच्या समारंभाच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"मग ती सुलटीच आहे," तरस म्हणाले. त्यांनी तारेला हार घातला आणि दोन लांडगे पहाऱ्याला बसवले.

इकडे पाऊस थांबेना. ओढ्याचं पाणी चढत चढत बिळाच्या वीतभर खाली येऊन ठेपलं. पाणी प्यायला लांब जावं लागत नाही म्हणून धाकटं पिल्लू खूश होतं. सायाळबाई मात्र तडक दरबारात गेल्या आणि धडधडीत खोटं बोलल्या.

"महाराज, आपली तार बरोबर आहे. बोर्ड मीच उलटा बसवला."

"मला वाटलंच होतं," महाराज म्हणाले.

त्याच दिवशी दुसरा समारंभ झाला. महाराजांनी तार उपसली. सायाळबाईंनी बोर्ड खालचा वर फिरवून बसवला. महाराजांनी पुन्हा लाल कड वर धरून तार खोचली. पडद्यावर आलं, 'बोर्ड सापडला.' पेढे फिरायच्या आत सायाळबाईंनी प्रोग्रॅम चढवला.

संध्याकाळी भोंगा कोकलला. काठावरची सगळी बिऱ्हाडं टेकडीकडे पळाली. सायाळबाईंनी वर पोचल्यावर पिल्लं मोजली. तिन्ही होती. तेव्हा कुठे त्या रडल्या. खाली त्यांचं बीळ भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरच सभा झाली. महाराजांना 'यंत्रमहर्षी' ही पदवी मिळाली. सायाळबाईंना बडतर्फीचं पत्र मिळालं. कारण लिहिलं होतं, बोर्ड उलटा बसवल्याबद्दल.

"आई, खरंच तू उलटा बसवला होतास?" धाकट्याने विचारलं.

"हळू बोल," सायाळबाई म्हणाल्या. "ओढ्यावरच्या धरणाचा भोंगा अजून महाराजांच्याच हस्ते जोडायचाय. तिथलाही बोर्ड कोणीतरी फिरवायला हवा."

तात्पर्य: मोठ्यांची चूक कधी सुधारू नये. ती आहे तिथेच ठेवावी आणि बाकीचं जग तिच्याभोवती फिरवून घ्यावं. फिरवणाऱ्याने तेवढं आपलं बीळ आधी उंचावर हलवावं.