भागरताबाईचा बाजार

आमची शेजारीण भागरताबाई मला घरी कधीच वांगी विकायची नाही. दोन घरांत एकच भिंत. तिच्या अंगणात वांगी लटकलेली, माझ्या चुलीवर कढई तापलेली. पण ती म्हणायची, "घरी नाई भेटत, बाई. मंगळवारी बाजारात या."

गंमत अशी की बाजार नव्हताच.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. चांदा जिल्ह्यात जंगल तोडून कोळशाची नवी खाण सुरू झाली होती. माझे यजमान तिथे कारकून, भागरताबाईचा नवरा कोळसा भरणारा. वस्ती म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या दोन ओळी आणि काळी धूळ. सावलीला झाड ठेवलेलं नव्हतं. पाणी बैलगाडीवरच्या पिंपातून यायचं. अंघोळीच्या सांडपाण्यावर भागरताबाईनं वांगी-मिरच्या जगवल्या होत्या.

दर मंगळवारी ती खाणीच्या वाटेवरचा माळ झाडून काढायची. एका जागी वांगी मांडायची, दहा पावलांवर मिरच्या, त्यापुढे सुके मासे. मी मिरच्यांपाशी उभी राहून वांग्याचा भाव विचारला, तर म्हणाली, "थांबा, मले वांग्याच्या दुकानात जाऊ द्या." आणि खरंच तिकडे जाऊन बसली.

लोक हसायचे. नवराही लाजायचा. एकदा मुकादम आला. त्याला तिथे लाकडं रचायची होती.

"ऊठ. कशाला बसली इथं?"

"बाजार आहे."

"कुठं आहे बाजार? तू एकटीच तर आहेस."

"तुमी आले ना. आता दोघं झालो." तिनं मिरचीचा वाटा पुढे केला. "घेता काय?"

मुकादम पुष्कळ ओरडला. ती उठली नाही. उन्हात उभं राहून तोच थकला आणि जाताना मिरच्या घेऊन गेला. लाकडं दुसरीकडे पडली.

पुढच्या हिवाळ्यात एक मीठवाला येऊन बसला. मग बांगड्यांवाला आला. जंगलातल्या गावांतून बाया मोहफुलं घेऊन येऊ लागल्या. एक न्हावी दगडावर गिऱ्हाइकं बसवू लागला. उन्हाळ्यापर्यंत मंगळवारी माळावर पाय ठेवायला जागा उरेना.

अशाच एका मंगळवारी भागरताबाई एकाएकी उठली.

"माह्या वांग्यापाशी बसा, बाई. थे टेंभरंवाली दिसते ना, थे माई पोरगी होय. लग्नात मानपानावरून भांडण झालं, तवापासून माहेरी धाडत नाईत. मले तिच्या दारात उभं करत नाईत. पण जवळ बाजार असला तं बाजाराले येऊ देतीन, असं मले वाटे."

नाल्यापलीकडच्या गावाहून आलेली ती मुलगी टेंभरांची, म्हणजे तेंदूच्या पिवळ्या फळांची, टोपली पुढे घेऊन बसली होती. शेजारी तिची सासू, डोळे रोखून. भागरताबाई गिऱ्हाइकासारखी जाऊन उकिडवी बसली.

"टेंभरं कशी देतं?"

मुलीनं खाली मान घालून भाव सांगितला.

"महाग सांगतं. अन् बारीक हायेत." ती एकेक फळ उचलून पाहू लागली. "तूबी बारीक झाली. जेवतं का नाई बराबर?"

"जेवतो," मुलगी म्हणाली. "भाव कमी नाई होणार."

गिऱ्हाइकाला हाकलता येत नाही. सासू काही वेळ पाहत राहिली, मग बांगड्यांकडे वळली.

त्या दिवशी भागरताबाईची वांगी मी विकली. ऊन उतरलं, मीठवाल्यानं पोती बांधली, तरी त्या दोघींचा टेंभरांचा भाव ठरला नव्हता.